सेवा कोणाची, ऋण कोणाचें?

मीरा-भाईंदरमधील ज्या वसाहतींत आमचें वास्तव्य आहे, तिच्या दाराशीं रात्रीच्या पहाऱ्यास सैन्यांतून निवृत्त झालेला एक शिपाई असे. त्याच्या खुर्चीखालीं रस्त्यावरचा एक तांबूस कुत्रा निजत असे. हा कुत्रा अपरात्रीं भुंकून झोंपमोड करतो, अशी तक्रार निघाली आणि तिच्यावर सही करणाऱ्यांत आम्हीही होतों. महापालिकेची गाडी येऊन कुत्र्यास घेऊन गेली. त्यानंतर पहारेकरी खुर्चीवर बसलेला कोणास दिसेना; रात्रभर तो दाराशीं येरझारा घालूं लागला. कारण विचारतां त्यानें मोठ्या संकोचानें सांगितलें कीं, डोळा लागला म्हणजे सीमेवरच्या दिवसांचीं स्वप्नें पडतात, अंगास कांपरें भरतें आणि तोंडांतून शब्द फुटत नाहीं. अशा वेळीं कुत्रा भुंकून त्यास जागें करी. पहाऱ्यावर डोळा लागणें हा अपराध खरा. पण ज्या भुंकण्याबद्दल आम्हीं तक्रार केली, तें एका मनुष्यास त्याच्या यातनेंतून ओढून काढण्यासाठीं होतें, हें कळल्यावर त्या अपराधाचा विचार करण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

2023 च्या नियमांप्रमाणें भटक्या कुत्र्याचें निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यास मूळ ठिकाणींच सोडावें लागतें. त्यामुळें कांहीं दिवसांनीं तो कान कातरलेला परत आला व खुर्चीखालीं निजूं लागला. प्रश्न सुटला असें वसाहतीस वाटलें. आमच्या मनांत मात्र तो तेथूनच सुरू झाला.

येथें जें योगायोगानें घडलें, तें अन्यत्र संस्था स्थापून हेतुपूर्वक केलें जातें. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांकरितां 1916 सालीं जर्मनींतील ओल्डेनबर्ग येथें वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. तशाच एका शाळेचें काम पाहून डोरोथी यूस्टिस या अमेरिकन बाईंनीं 1927 सालीं लेख लिहिला, आणि 1929 सालीं त्यांच्या पुढाकारानें अमेरिकेंत अंधांसाठीं कुत्रे शिकविणारी संस्था उभी राहिली. पुढें अशी वेळ आली कीं, सैनिक डोळे शाबूत घेऊन घरीं येत, पण मन रणांगणावरच राहिलेलें असे. फ्लॉरिडांतील शेरी डुव्हाल यांचा मुलगा इराकांत स्फोटकें हुंगणाऱ्या कुत्र्यांबरोबर काम करून अशाच स्थितींत परतला. कुत्र्याच्या सहवासानें त्यास आराम पडतो असें पाहून या मातेनें 2011 सालीं ‘के-नाइन्स फॉर वॉरियर्स’ ही संस्था काढली. आश्रयगृहांत पडून राहिलेले कुत्रे निवडून त्यांस दुःस्वप्नांतून धन्यास जागें करणें, गर्दींत त्याच्या पाठीशीं उभें राहणें, अशा गोष्टी शिकवाव्या आणि ते सैनिकांस विनामूल्य द्यावे, हें या संस्थेचें कार्य. 2021 सालीं या बाई निवर्तल्या. संस्था त्यांच्या मागें चालू राहिली.

आपल्याकडे सैनिकांच्या शुश्रूषेची परंपरा नाहीं असें नव्हे. 1917 सालीं मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनीं जायबंदी सैनिकांस धंदेशिक्षण देण्यासाठीं क्वीन मेरी संस्था सुरू केली. ती पुढें खडकीस आली. तेथेंच 1974 सालापासून पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठीं पुनर्वसन केंद्र आहे. परंतु जी जखम दिसत नाहीं, तीबद्दल बोलण्याची सवय आपणांस अद्याप नाहीं, व ती जाणणारा कुत्रा शिकविण्याची प्रथा तर आपल्याकडे रुजलेलीच नाहीं. अशी प्रथा येथें यावी असें आम्हांस वाटतें. पण ती आणण्यापूर्वीं दोन शंकांचा विचार अवश्य केला पाहिजे.

पहिली शंका कुत्र्याविषयींची. सैनिक शपथ घेऊन सेवेंत शिरतो. कुत्र्यानें कोणती शपथ घेतली? तो काम आनंदानें करतो, हें उत्तर पुरेसें नाहीं. बालकही सांगितलेलें काम आनंदानें करतें, म्हणून त्याची संमति मिळाली असें आपण मानीत नाहीं. त्यास मरणापासून वांचविलें, हेंही उत्तर पुरेसें नाहीं. कारण जीव वांचविणारा त्या जीवाचा मालक होत नाहीं. आमच्या मतें खरें उत्तर असें: ज्यास करार करतां येत नाहीं, त्याच्याशीं व्यवहार करणाराचें कर्तव्य उलट वाढतें, तेथें दोन्ही बाजूंची जबाबदारी एकट्यानेंच वाहावी लागते. म्हणून अशा संस्थेची परीक्षा तिनें किती कुत्रे वांटले यावरून करूं नये. शिक्षणांत नापास झालेल्या कुत्र्याचें ती काय करते, आणि म्हाताऱ्या झालेल्या कुत्र्याचें शेवटीं काय होतें, हें विचारावें. आपल्या सैन्यांत सेवेस निरुपयोगी ठरलेल्या कुत्र्यांस मारून टाकण्याची रीति होती, हें 2015 सालीं माहितीच्या अधिकारांतून लोकांसमोर आलें. पुढें टीका होऊन तें धोरण बदललें आणि अशा कुत्र्यांस घरें देण्याची वाट मोकळी झाली. उपयोग संपला कीं संबंध संपला, हा विचार किती सहज शिरकाव करतो, याचें हें उदाहरण आहे.

साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधि आहे. त्यानें महाराजांस वाघापासून वांचविलें व महाराजांनीं त्यास पालखीचा मान दिला, अशी आख्यायिका सांगतात. तेथें उपकाराची फेड आहे. महाभारतांतील धर्मराजाची भूमिका याहून उंच आहे. स्वर्गाच्या दाराशीं त्याच्याबरोबर आलेल्या कुत्र्यानें त्यास कोणत्याही वाघापासून वांचविलें नव्हतें. तो केवळ निष्ठेनें मागें आला होता. तेवढ्यावरून धर्मराजानें त्याचा त्याग नाकारला. सोबत केली कीं बंधन आलें. उपयोगाचा हिशेब तेथें मागावयाचा नसतो.

दुसरी शंका सैनिकाविषयींची आहे आणि ती आम्हांस अधिक अस्वस्थ करते. युद्धाचा निर्णय राष्ट्र घेतें, त्याचा लाभ सर्वांस होतो, घाव मात्र एकाच्या अंगावर पडतो. आणि तो घाव बरा करण्याचें काम शेवटीं एका मातेच्या व एका कुत्र्याच्या वांट्यास येतें! शेरी डुव्हाल यांचें कार्य वंदनीय आहे यांत संशय नाहीं. पण असें कार्य एका मातेस हातीं घ्यावें लागलें, यांत समाजास अभिमान वाटावा असें कांहीं नाहीं. हेंही खरें कीं, मध्यरात्रीं दचकून उठलेल्या मनुष्याजवळ बसण्याचें काम कोणतेंही सरकारी खातें करूं शकणार नाहीं. तेथें जिवंत सोबतच लागते. पण सेवा दुसऱ्याकडून करवितां येते, म्हणून ऋणही दुसऱ्याकडून फेडवितां येईल असें समजणें ही आत्मवंचना होय. निवृत्तिवेतन, उपचार, वयास व मनास साजेसें काम, आणि त्याचें दुःख ऐकून घेण्याची तयारी, हें ऋण आपलें आहे. सैनिकाच्या हातीं कुत्र्याची दोरी देऊन तें फिटत नाहीं.

वसाहतीच्या सभेंत आम्हीं आमची सही मागें घेतली, तेव्हां सर्वांनीं कुत्र्याविषयीं कनवाळूपणाचे शब्द काढले, त्याच्या जेवणाची व्यवस्थाही तत्काळ ठरली. मग एका वृद्ध सभासदांनीं विचारलें, “ज्या माणसास रात्र सोसवत नाहीं, त्यास आपण थोड्याशा पगारावर रात्रपाळी कां दिली आहे?” यावर सभा कांहीं वेळ गप्प राहिली. कुत्र्यानें आपला वांटा केव्हांच, कोणी न सांगतां, उचलला होता. त्या शिपायास दिवसाची पाळी देण्याचा ठराव मंजूर होण्यास मात्र आम्हां शहाण्या माणसांस आणखी दोन सभा लागल्या.