मनगटावरचे पैसे कुणासाठी?

बँका घड्याळाचा पट्टा, मनगटी, अंगठी किंवा किल्ल्यांची साखळी या रूपात जे पैसे भरण्याचे साधन देतात, ते मुळात डेबिट कार्डच असते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला नखाएवढी चिप आणि तिच्याभोवती तारेचे बारीक वेढे बसवलेले असतात. बॅटरी नसते. दुकानदाराचे यंत्र १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते. पट्टा तीन-चार सेंटिमीटरवर आला की चिपला त्या लहरींतूनच वीज मिळते आणि ती फक्त त्याच व्यवहाराला चालेल असा संकेत उलट पाठवते. कार्डाचा खरा क्रमांक दुकानदाराकडे जाऊ नये म्हणून त्याऐवजी टोकन वापरण्याची सोय आहे. रिझर्व्ह बँकेने ही मुभा जानेवारी २०१९ मध्ये आधी मोबाइल आणि टॅबलेटसाठी दिली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये घड्याळे व मनगटींपर्यंत वाढवली.

भारतात स्टेट बँकेने टायटनसोबत सप्टेंबर २०२० मध्ये अशी घड्याळे आणली. त्यांची किंमत २,९९५ ते ५,९९५ रुपये होती. मार्च २०२१ मध्ये अ‍ॅक्सिस बँकेची मनगटी आणि किल्ल्यांची साखळी ७५० रुपयांपासून मिळू लागली. पिन न टाकता एका वेळी देता येणारी रक्कम आधी २,००० रुपये होती, ती १ जानेवारी २०२१ पासून ५,००० झाली.

मनमाड-परभणी लोहमार्गावर परभणीच्या अलीकडे पेडगाव लागते. तिथल्या शेतकऱ्याला ही साधने कागदावर तरी परकी नाहीत. निजामाच्या राज्यात १९४१ साली स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक ही पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद या नावाने मराठवाड्यात रुजली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. तिचे जुने खातेदार त्या दिवशी आपोआप स्टेट बँकेचे झाले, म्हणजे टायटनचे ते घड्याळ घ्यायलाही पात्र ठरले. प्रश्न घड्याळ घेतल्यानंतरचा आहे. ते टेकवायचे कशाला?

खेड्यातल्या किराणा दुकानात किंवा चहाच्या टपरीवर कार्डाचे यंत्र क्वचितच असते. असतो तो क्यूआर कोडचा कागद. लोक त्यालाच ‘स्कॅनर’ म्हणतात. तो लावायला दुकानदाराला जवळपास काहीच खर्च येत नाही आणि यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून शुल्कही घेतले जात नाही. कार्डाच्या यंत्राला भाडे असते. रूपे सोडून इतर डेबिट कार्डांवर, वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदारालाही ०.४० टक्क्यापर्यंत कपात सोसावी लागू शकते. साखर-तेलाच्या किरकोळ विक्रीत एवढी कपातही डोळ्यांत भरते. ठाणे जिल्ह्यातले धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले, तेव्हा दुकानादुकानांत कार्डाची यंत्रे बसवून सुरुवात करण्यात आली होती. पुढच्या काही वर्षांत खेड्यापाड्यांत पसरला तो मात्र कागदी स्कॅनर. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ पासून लहान गावांत यंत्रे बसवण्यासाठी अनुदानाचा स्वतंत्र निधी उभारला, त्यावरून अडचण किती खरी होती हे कळते.

स्कॅनरने दुकानदाराचा खर्च वाचवला आणि तो सगळा गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकला, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. पैसे देणाऱ्याकडे स्मार्टफोन हवा, त्यात रिचार्ज हवा, चार्जिंग हवे, पडद्यावरचे वाचता यायला हवे. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यावर येऊ लागले, पण अनेक घरांत फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. मग बँक मित्राकडे, म्हणजे गावातल्या बँकेच्या प्रतिनिधीकडे, जाऊन अंगठा लावायचा. कापूस वेचून, निंदणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ठसा उमटत नाही म्हणून बोट पुसायचे, पुन्हा लावायचे, नाही जमले तर दुसरे बोट लावून पाहायचे, आणि तरीही कधी कधी रिकाम्या हाताने घरी यायचे. आपल्याच पैशांसाठी कष्टकरी बाईला असे ताटकळावे लागणे अन्यायाचे आहे.

अंगात घालायच्या या साधनाला फोन लागत नाही, चार्जिंग लागत नाही, ठसा लागत नाही, वाचताही यावे लागत नाही. त्याची सर्वाधिक गरज आहे ती या हातांना. बँकांनी मात्र ते विकायला काढले ते ज्याच्या खिशात फोन आणि पाकिटात दोन कार्डे आधीच आहेत अशा शहरी गिऱ्हाइकासाठी, तेही व्यायामाच्या आणि फॅशनच्या जाहिराती करून. तिथे ते एक जादा चैनीची वस्तू ठरते. साधी रबरी मनगटी रूपेवर बँकेनेच खात्यासोबत द्यावी आणि ती वाचणारे यंत्र आधी रेशन दुकान, बँक मित्र, खत-बियाण्याचे दुकान आणि एसटीचा वाहक यांच्या हाती असावे, हा क्रम धरला तर या तंत्राचा खेड्याला उपयोग आहे. वाहकाकडे तिकिटाचे यंत्र आणि रेशन दुकानात ई-पॉस आधीपासून आहेच. नव्याने करायचे ते त्यांना मनगटी वाचण्याजोगे बनवणे.

धोकाही उघड आहे. पिन नसलेली वस्तू ज्याच्या हातात पडेल त्याची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्या माथी असते, कळवल्यानंतरचे बँकेच्या. शेतात मनगटी गळून पडणे हा निष्काळजीपणा मानायचा का, याचे सरळ उत्तर त्यात नाही. म्हणून अशी मनगटी बचत खात्याला थेट जोडणे चुकीचे ठरेल. तिच्यात वेगळी, छोटी शिल्लक असावी. जानेवारी २०२२ च्या इंटरनेटविना व्यवहारांच्या नियमांत एका वेळी २०० आणि एकूण २,००० रुपयांची मर्यादा होती. नंतर ती वाढवली गेली, तरी शेतमजूर बाईच्या मनगटीला ती जुनी मर्यादाच रास्त आहे. हरवले तर जाईल ते तेवढेच. बंद करण्यासाठी अ‍ॅपची सक्ती नको, साध्या फोनवरून किंवा बँक मित्राकडे जाऊन ते व्हायला हवे. आणि यंत्राने कापलेली रक्कम व उरलेली शिल्लक दर वेळी मराठीत मोठ्याने सांगायला हवी, कारण पडद्यावरचा आकडा जिला वाचता येत नाही तिला आपले किती गेले हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.