धक्का कोणाचा, नाव कोणाचे?

मनुष्य चांगला की वाईट, याचा निकाल दहा लोकांच्या देखत लागत नाही. दहा लोकांच्या देखत आपण सगळेच चांगले असतो. गळ्यात टाळ असतो, कपाळी बुक्का असतो, मुखात नाम असते. खरी परीक्षा होते ती आजूबाजूला कोणी नसताना. या महिन्यात त्याच परीक्षेविषयी दोन शब्द लिहावे असे मनात आहे. निमित्त मात्र फार लहान आहे. कोणाच्या उभ्या गाडीला आपल्या गाडीचा धक्का लागला, धनी जवळ नाही, पाहणारा कोणी नाही, तर काय करावे? परमार्थाच्या मासिकात मोटारीच्या चेपलेल्या पत्र्याला काय काम, असे कोणी म्हणेल. त्यांनी थोडा दम धरावा. आम्हीही आरंभी असेच म्हणत होतो.

२०२३ सालच्या माघ वद्य एकादशीस आम्ही पाच जण धुळ्याकडून मुक्ताईनगरास गेलो होतो. आदिशक्ती मुक्ताई तापीतीरी १२९७ साली गुप्त झाली अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. माघातली ही यात्रा महाशिवरात्रीपर्यंत चालते. खान्देश, वऱ्हाड आणि पलीकडे मध्यप्रदेशातूनही दिंड्या येतात. आम्ही गेलो ती गाडी आमच्यातील एका निवृत्त गुरुजींची. गाडी जुनीच, पण निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, म्हणून फार जपलेली. हरभरा काढून मोकळ्या झालेल्या एका शेतात वाहने लावण्याची सोय होती, तेथे लावली. दर्शनबारीत उभे राहिलो, रात्री कीर्तन ऐकले. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे सोडून परत येऊन पाहतो तो मागचा उजवा दरवाजा चेपलेला, दिव्याची काच मातीत पडलेली, आणि पत्र्यावर हातभर पांढरा ओरखडा. काचेवर चिठ्ठी नाही, चपाटी नाही. ठोकणारा ठोकून गेला होता.

शेजारी एक पांढरी जीप उभी होती. जीपवाला वीस-बावीस वर्षांचा पोरगा, चोपड्याकडचा. ओरखडा पांढरा आणि जीपही पांढरी, एवढा पुरावा आम्हांला पुरला. "काय रे, तूच ठोकलीस ना? गळ्यात माळ घालतोस अन् वर साळसूद उभा राहतोस?" असे आम्ही त्याला चार लोकांत विचारले. पोरगा कावराबावरा झाला. म्हणाला, "मुक्ताईची आण आहे नाना, काल सकाळपासून मी गाडी हलवलेली नाही." आमचा विश्वास बसेना. शेवटी गुरुजींनीच उपरण्याने उंची मोजली. आमचा चेप गुडघ्याइतका खाली, जीपचा पुढला दांडा मांडीइतका वर, आणि त्यावर खरचटल्याची खूण नाही. पोराच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही "बरं बरं, जा" म्हणालो आणि गाडीत बसलो.

पुढची गोष्ट त्याच दुपारची. गुरुजींचे मन ठिकाणावर नव्हते, म्हणून गाडी आम्ही चालवीत होतो. जळगावात चहासाठी थांबलो. निघताना गाडी मागे घेतली तोच मागून आवाज आला. पाहतो तो एका दूधवाल्याची मोटारसायकल आडवी पडलेली. आरसा फुटला, ब्रेकचा दांडा वाकला, आणि एका रिकाम्या कॅनला पोचा आला. जवळ चिटपाखरू नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, "चला, कोणी पाहिलं नाही. आपलं कोणी भरून दिलं का?"

वाचकहो, येथे खोटे लिहून उपयोग नाही. आमचा हात गिअरवर गेला होता आणि पहिला गिअर पडलाही होता. कालच मुक्ताईच्या पायावर डोके ठेवलेले, सकाळीच पारणे सोडलेले, आणि तीन तासांपूर्वी ज्या अज्ञात माणसाला आम्ही शिव्या घातल्या, त्याच्याच वाटेने आमचा पाय चालला होता. गुरुजी एवढेच म्हणाले, "थांबा जरा. किल्ली द्या इकडे."

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही, की या सगळ्यात दोष कोठे सुरू झाला? मोटारसायकल पडली तेथे नव्हे. मागचे दिसले नाही, अंदाज चुकला, धक्का लागला. बेसावधपणा झाला खरा, पण तो कोणाच्याही हातून होतो आणि पैशाने भरून निघतो. दोष सुरू झाला तो पहिला गिअर पडला तेथे. धक्का आमच्या हातून घडला, पळणे मात्र आम्ही करणार होतो. घडलेल्या गोष्टीला अपघात म्हणतात, केलेल्या गोष्टीला कर्म म्हणतात. या दोहोंच्या मध्ये दहा-पंधरा पळांचेच अंतर असते, पण मनुष्याचे सारे मनुष्यपण त्या अंतरात असते.

यावर शंका पुष्कळ निघतात. त्या सर्व त्या दिवशी गाडीतच निघाल्या.

पहिली शंका अशी की, कर्ता करविता पांडुरंग, आपण निमित्तमात्र. मग आपल्याकडे दोष कसला? हे वचन आपण सोयीने वापरतो. भजनी मंडळाला वर्गणी जास्त जमली म्हणजे ती आम्ही जमविलेली असते, आणि दूधवाल्याचा आरसा फुटला म्हणजे तो पांडुरंगाने फोडलेला असतो! धक्का देणारा तोच असेल, तर खिशातून पैसे काढणारा हातही त्याचाच होऊ द्यावा.

दुसरी शंका, आपली गाडी कोणी ठोकली, आपण कोणाची ठोकली, फिटंफाट झाली. पण गुरुजींचा दरवाजा त्या दूधवाल्याने चेपला नव्हता. एकाने बुडविलेले दुसऱ्याकडून वसूल करणे याला फिटंफाट म्हणत नाहीत. अशाने मुक्ताईनगरचा ओरखडा जळगावास पोहोचतो, जळगावचा धुळ्यास जातो, आणि अखेर साऱ्या खान्देशात एकही गाडी धड राहत नाही व एकही मन धड राहत नाही.

तिसरी शंका एका भाविकाची होती. तो म्हणाला, तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली. संतांनी सोडून दिले तसे त्या दूधवाल्यानेही सोडून द्यावे. कथा खरी आहे, पण तिचा रोख उलटा धरला आहे. तुकोबांनी बुडविली ती लोकांकडून आपल्याला येणे असलेली खते. आपण लोकांना देणे होतो ती खते त्यांनी बुडविली, असे कोणी ऐकले आहे काय? येणे सोडावयाचे ही संताची रीत आहे. देणे सोडावयाचे याला दुसरे नाव आहे. आणि सोडण्याचा अधिकार ज्याचे गेले त्याचा. ज्याने घालविले त्याने तो अधिकार परस्पर बजावणे हा मोठा चमत्कारिक परमार्थ झाला.

चौथी शंका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती भीतीची. थांबलो आणि लोक जमले, मारले, तर? भारतीय न्याय संहितेत अपघातात माणूस मेल्यावर खबर न देता पळणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. आम्ही थांबलो तर जमाव जिवंत सोडणार नाही, हेच त्यांचे म्हणणे होते. जुलै २०२४ पासून ती संहिता लागू झाली तेव्हा तेवढे पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमातही, जखमीस मदत करण्याचे कर्तव्य सांगताना जमावाच्या क्षोभाचा अपवाद मान्य केला आहे. जीव धोक्यात असेल तर तेथून निघावे आणि थेट पोलीस ठाण्यात जाऊन सांगावे. त्यात कमीपणा नाही. परंतु रिकाम्या आवारात, आडव्या पडलेल्या मोटारसायकलीपाशी जमाव कुठला? तेथे आपण भितो ते चार-पाचशे रुपयांना आणि चार शब्दांना.

कायद्याकडे पाहू गेल्यास त्यातही एक मौज आहे. त्याच कायद्याच्या १३२ व्या कलमात असे आहे की, ज्याचे नुकसान झाले त्याने आपले नाव-पत्ता देऊन मागणी केली, तर चालकाने आपले व गाडीच्या मालकाचे नाव-पत्ते द्यावे. मागणी केली तर! पण उभ्या गाडीजवळ मागणी करणार कोण? दाराला तोंड नाही, दिव्याला वाचा नाही. हिट अँड रन म्हणजे ठोकून पळण्याच्या प्रकारात सरकारी भरपाई मिळते ती मृत्यूस दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार, अशी १ एप्रिल २०२२ पासूनची योजना आहे. चेपलेल्या पत्र्यास तीत जागा नाही. म्हणजे कायदा हात धरून आणतो तो येथपर्यंतच. पुढची चार पावले माणसाने आपल्या पायांनी टाकावयाची असतात. त्या चार पावलांनाच आम्ही धर्म म्हणतो.

आणि पळणाऱ्याला पळण्याचे कारण तरी किती असते? प्रत्येक गाडीस तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही त्यात येते. त्यासाठी पोलिसांत नोंद आणि न्यायाधिकरणाकडे अर्ज अशी वाट लांबची असली, तरी वाट आहे. आमच्या गुरुजींचा विमा तेवढाच होता. आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान त्यात भरून मिळत नाही. पळालेल्या माणसाचे नाव कळले असते तर निदान मार्ग होता. ज्यांचा पूर्ण विमा असतो त्यांचीही सुटका नाही. दावा केला की पहिले हजार-दोन हजार पदरचे जातात, आणि दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट हातची जाते. ही सूट पहिल्या वर्षी वीस टक्के आणि पुढे वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत असते. अर्थात आपण वाचविलेला रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी संसारातून जातोच.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वांस ठाऊक आहे. ऐकणारे पुष्कळसे सत्याग्रही कैदी होते. सत्याग्रही म्हणजे काय? त्याने सरकारचा कायदा मोडला, पण मोडून पळाला नाही. तेथेच उभा राहिला, विचारण्याआधी नाव सांगितले आणि होईल ते सोसले. चोरही कायदा मोडतो आणि सत्याग्रहीही मोडतो. दोघांत पहिला भेद नजरेत भरतो तो नाव सांगण्याचा. कर्मयोग ज्या गावात सांगितला गेला त्या गावच्या आम्हा लोकांना एका चिठ्ठीवर आपले नाव लिहिताना हात कापावा, याची लाज वाटली पाहिजे. देवाचे नाव आम्ही दिवसरात्र घेतो. ते घेण्यास काहीच पडत नाही. आपले स्वतःचे नाव लिहून द्यावे लागते तेव्हा कळते की नाम किती पचले आहे.

ज्याची गाडी ठोकली गेली त्याचाही धर्म आहे. जागेवरून गाडी हलविण्यापूर्वी फोटो काढावे, आजूबाजूच्या दुकानांत कॅमेरा असल्यास विचारावे, पोलिसांत नोंद करावी, विमा असल्यास लगेच कळवावे. विमेवाल्यास घडले तेच सांगावे. जुने पोचे नव्या हिशेबात घालू नयेत. नाहीतर ठोकणारा एक लबाड आणि ठोकून घेणारा दुसरा, एवढाच हिशेब उरतो. आणि पुरावा हाती नसताना कोणाचा गळा धरू नये. जगावर रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानोबांना ज्या मुक्ताईने समजावले, तिच्याच दारात आम्ही एका निरपराध पोराला रडविले. पत्र्याचा चेप दोन दिवसांत निघाला. त्या पोराच्या मनाला आम्ही आणलेला पोचा कोणत्या गॅरेजात काढावा?

असो. जळगावात आम्ही उतरलो, मोटारसायकल उभी केली, चिठ्ठी लिहून तिच्या तारेत अडकविली आणि तरीही थांबलो. वीस मिनिटांनी दूधवाला आला. तो गहिवरला वगैरे काही नाही. त्याने मनसोक्त तोंडसुख घेतले, पाच-सात माणसे जमविली आणि पाचशे रुपये मागितले. नुकसान तेवढ्याचे नव्हते. तरी आम्ही दिले. खरेपणाचे बक्षीस लागलीच मिळते असे जे सांगतात, त्यांनी कधी भर बाजारात चूक कबूल करून पाहिलेली नसावी.

परतताना कोणी बोलेना. पारोळे मागे पडल्यावर गुरुजी म्हणाले, "पाचशे गेले, त्याचं काही नाही. पण त्या पोराची माफी मागायची राहिली." खरेच राहिली. आणि आता मागावी तरी कशी? आरोप करताना आम्ही त्याचे नावसुद्धा विचारले नव्हते.

पुंडलिकाने वीट फेकली आणि देवाला थांब म्हटले, आणि देव थांबला. आपले दैवत हे दुसऱ्याच्या कामासाठी थांबलेले दैवत आहे. त्याच्या दारी वर्षानुवर्षे जाणाऱ्याला कोणाच्या पडलेल्या मोटारसायकलीपाशी वीस मिनिटे थांबता आले नाही, तर ती वारी पायांचीच झाली म्हणावयाची.

चोपड्याकडच्या त्या पोराच्या हाती हा अंक कधी पडला, तर त्याने हा लेख म्हणजे त्याच्या जीपच्या काचेवर ठेवलेली आमची चिठ्ठी समजावी. त्या दिवशी ती लिहावयास हवी होती.