चांगुलपणा कुणाचा – माझा की शहराचा?

गेल्या डिसेंबरात मुलुंडला घरी गेलो होतो. स्टेशनबाहेर वडापाव घेतले आणि रिक्षात बसून मी आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा खात खात घरी निघालो. वडापाव संपला, मी कागदाचा बोळा केला आणि बोलता बोलता रिक्षाबाहेर टाकला. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

"बाबा, लंडनला तू असला कागद घरी येईपर्यंत खिशात ठेवतोस. इथे का टाकलास?"

"इथे कचरापेटी कुठे आहे?"

"तिथेही नसते ना! म्हणून तर खिशात ठेवतोस." थोड्या वेळाने म्हणाला, "मग चांगला कोण आहे? तू, की लंडन?"

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याला मराठी उत्तम समजत होतं, हे माझं दुर्दैव.

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा "मुंबई आणि लंडन" असा विषय डोक्यात होताच. गर्दी, हवा, महागाई, लोकल आणि ट्यूब अशी नेहमीची तुलना लिहायची, थोडं हसवायचं आणि शेवटी "गड्या आपुला गाव बरा" असं म्हणून मोकळं व्हायचं, असा बेत होता. पण पोराने विचारलेला प्रश्न काही पाठ सोडेना. तेव्हा मंडळी, तुलना करणार आहेच, पण ती शहरांची कमी आणि माझी जास्त.

मी वाढलो मुलुंडला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला भारतातली पहिली प्रवासी गाडी गेली, ती याच मार्गाने. आता हॅरोला राहतो आणि मेट्रोपॉलिटन लाइनने फॅरिंग्डनला कामाला जातो. जगातली पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन सुरू झाली, तिच्याच मार्गाचा काही भाग रोज माझ्या वाट्याला येतो. म्हणजे प्रवासाच्या बाबतीत माझं नशीब ऐतिहासिकच म्हणायचं! पण या दोन गाड्यांत बसणारा मी एकच आहे का, हा खरा प्रश्न.

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो. असा कुठे नियम लिहिलेला नाही. चौथ्याने नुसतं पाहायचं, की तिघे कुरकुरत का होईना पण सरकतात. अर्ध्या मांडीवर का असेना, त्याला जागा मिळते. दारातल्या माणसाची बॅग हातोहात रॅकवर पोचते. कॉलेजात असताना मीही असाच सरकत होतो, बॅगा पुढे देत होतो, आणि आपण फार माणुसकीने वागतो असं मनाशी समजत होतो.

लंडनच्या ट्यूबमध्ये एका खुर्चीवर एकच माणूस. कुणी कुणाकडे पाहत नाही. २०११ साली बायकोला दिवस गेले होते, तेव्हा ती कोटाला "बेबी ऑन बोर्ड"चा बिल्ला लावून प्रवास करायची. रेल्वेकडून तो फुकट मिळतो. बिल्ला दिसला की कुणीतरी उठायचं, बहुतेक वेळा एकही शब्द न बोलता. पहिल्यांदा मला हसू आलं. माणूस माणसाला दिसावा म्हणून बिल्ला लावावा लागतो! बायको म्हणाली, "मला बरं वाटतं. कुणाकडे मागावं लागत नाही. कुणाचे उपकार होत नाहीत." तिचं म्हणणं तेव्हा मी कानाआड केलं. नंतर ते बरेचदा आठवलं.

संकटात मात्र दोन्ही शहरं सारखीच असतात, हे मी एकाच महिन्यात पाहिलं आहे. एम.एस्सी.साठी २००४ साली इथे आलो. ७ जुलै २००५ रोजी ट्यूबमध्ये आणि बसमध्ये बॉम्बस्फोट झाले, ५२ निरपराध माणसं गेली. त्या सकाळी मी कॉलेजला निघालो होतो. ट्यूब बंद झाली, मोबाइल लागेनात, सगळं लंडन पायी चालू लागलं. एका छोट्या दुकानाच्या मालकिणीने दार उघडून दुकानातला फोन सगळ्यांपुढे ठेवला. मी संकोचत म्हटलं, "मला भारतात लावायचाय." ती म्हणाली, "मग आधी तूच लाव. तुझी आई सगळ्यात लांब आहे."

त्यानंतर बरोबर एकोणीस दिवसांनी, २६ जुलैला, मुंबईत पाऊस झाला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. बाबा तेव्हा फोर्टमध्ये नोकरीला होते. दुपारी निघाले ते सायनच्या पुढे अडकले. रात्रभर त्यांचा पत्ता नव्हता. आई तिकडे आणि मी इकडे, दोघंही फोन फिरवत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा चालत घरी आले, ते कुणाची तरी लुंगी नेसून. एका चाळीतल्या कुटुंबाने त्यांच्यासह सात अनोळखी माणसांना खोलीत घेतलं होतं, खिचडी केली होती आणि स्वतः जिन्यात बसून रात्र काढली होती. बाबा पुढच्या रविवारी लुंगी धुऊन, इस्त्री करून, पेढे घेऊन परत करायला गेले.

तेव्हा संकटातला माणूस कुठलाही असो, चांगलाच निघतो असं म्हणू या. प्रश्न आहे तो साध्या मंगळवारचा. काहीही घडलेलं नाही, टीव्ही चालू आहे, कुकरची शिट्टी होते आहे, अशा वेळी आपण कसे असतो?

असाच एक मंगळवार मला सांगायचा आहे. आजवर तो मी फार थोड्या लोकांना सांगितला आहे.

आमचं घर जोडघर आहे, मधली भिंत सामाईक. पलीकडे ऐंशीच्या पुढच्या एक आजी एकट्या राहत. चार वर्षांत आमचं नातं म्हणजे "आज थंडी आहे नाही?" आणि नाताळचं कार्ड. त्यांनी कधी आमच्या फोडणीच्या वासाची तक्रार केली नाही, आम्ही कधी त्यांच्या वाटेत गाडी लावली नाही. आदर्श शेजार! फेब्रुवारी २०१४ मधली गोष्ट. मुलगा टीव्हीवर कार्टून बघत होता. भिंतीवर ठक ठक ठक असं वाजलं. बायको म्हणाली, "अरे, आवाज कमी कर. आजींना त्रास होतोय." मी केला. थोड्या वेळाने पुन्हा वाजलं. मी टीव्ही बंदच केला, मुलाला झोपवलं, आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ कुजबुजत बोललो. आपल्यामुळे म्हाताऱ्या माणसाला त्रास नको. खरं सांगतो, त्या रात्री मला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी दारात ॲम्ब्युलन्स आली. आईचा फोन लागत नाही म्हणून आजींची मुलगी दुसऱ्या गावाहून धावत आली होती. आजी पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. हातात काठी होती. त्या काठीने भिंत वाजवत होत्या. दोन रात्री त्या जमिनीवर होत्या आणि मधे फक्त एक वीट आणि प्लास्टर होतं.

त्या वाचल्या, पण त्या घरी परत आल्या नाहीत, वृद्धाश्रमात गेल्या. त्यांच्या मुलीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळणार?" अगदी मनापासून म्हणाली. आणि खरंच आहे, मी कुठलाही नियम मोडला नव्हता. आवाजसुद्धा कमी केला होता! पण मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये भिंत अशी वाजली असती, तर आई पदराला हात पुसत "काय झालं हो?" करत दारात उभी राहिली असती. पुण्य मिळवायला नव्हे, चौकशी केल्याशिवाय तिला जेवण गेलं नसतं म्हणून. मीही त्याच बिल्डिंगमध्ये वाढलो. मग ती चौकशी दहा वर्षांत गेली कुठे? लंडनने ती माझ्याकडून काढून घेतली नव्हती. इथे तिची गरज लागत नाही, म्हणून मीच ती खाली ठेवली होती.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, बघा, शेवटी आपली मुंबईच खरी. थांबा. मुलुंडची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

आमच्याकडे बावीस वर्षं एक मावशी धुण्याभांड्याला येतात. त्यांचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. वर्षानुवर्षं पाहत आलो, कधी खटकला नाही. लंडनला मी स्वतःचं ताट स्वतः घासतो, संडासही धुतो, आणि त्याचा मला थोडा अभिमान आहे. मुलुंडला पोचलो की दुसऱ्या दिवशी माझं ताट टेबलावरच राहतं. कुणी सांगत नाही, आपोआप राहतं. कागदाच्या बोळ्यासारखंच.

या डिसेंबरात कळलं, की नवरा हॉस्पिटलात होता म्हणून मावशींचे अकरा दिवस खाडे झाले आणि बिल्डिंगमधल्या पाचही घरांनी पगार कापला. आमच्यासकट. २६ जुलैच्या लुंगीची गोष्ट अभिमानाने सांगणारी हीच पाच घरं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण आमच्या जिन्यात खाडा हा शब्द शाबूत आहे. इथे माझ्या ऑफिसात रात्री साफसफाई करणाऱ्या माणसाला १९९९ पासून कायद्याने ठरलेलं किमान वेतन आहे, वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा आहे. त्यासाठी त्याला माझ्या दयेची गरज नाही. बायकोच्या बिल्ल्याचा अर्थ मला तेव्हा लागला. उपकार नकोत, हक्क हवा.

मी आईला हे सगळं ऐकवलं. जरा भाषणच केलं म्हणा ना. आई शांतपणे पोळी लाटत होती. म्हणाली, "त्या साफसफाई करणाऱ्या माणसाचं नाव काय रे?"

मला माहीत नव्हतं. सहा वर्षं तो माझ्या टेबलाखालची कचऱ्याची पिशवी बदलतो आहे.

आईला मावशींच्या तिन्ही मुलींची नावं, सासरं, बाळंतपणं सगळं माहीत आहे. धाकटीची दहावीची फी आईनेच भरली होती. पण खाडा कापला. मी कुणाचा खाडा कापत नाही आणि कुणाला ओळखतही नाही. आई मावशींना माणूस म्हणून ओळखते, कामगार म्हणून नाही. मी त्या माणसाला कामगार म्हणून मान देतो, पण माणूस म्हणून पाहिलेलंच नाही. दोघांनीही अर्धं अर्धं काम केलं आहे, आणि ज्याच्या त्याच्या शहराने ते पुरेसं आहे असं आम्हाला पटवलं आहे.

म्हणून मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला असं द्यावंसं वाटतं. कागद खिशात ठेवला तो बराचसा लंडनने. चौथ्याला जागा दिली ती बरीचशी मुंबईने. आजूबाजूचे सगळे जे करतात ते मी केलं, तर त्यात माझं काय? जे शहर मागत नाही तिथे मी काय करतो, तेवढंच माझं. मुंबईत खिशात ठेवलेला कागद माझा. लंडनमध्ये ठोठावलेलं शेजारचं दार माझं. या हिशेबाने माझ्या खात्यात फार थोडी शिल्लक निघते, हे मान्य करतो.

कायदा की माया, असा वाद आपण परदेशी मंडळी हिरिरीने घालतो. मला आता त्यात अर्थ दिसत नाही. आपलं ज्याच्याकडे लक्ष जात नाही, त्याला कायदा सांभाळतो. भिंतीवरची टकटक कायद्याला ऐकू येत नाही, त्याला माणूसच लागतो.

शेजारच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. पहिल्याच आठवड्यात मी जाऊन आमच्या घराची किल्ली त्यांना दिली आणि म्हटलं, "भिंत वाजली तर मी येणार, आधीच सांगून ठेवतो." ते जरा चक्रावले. महिन्याभराने त्यांनीही त्यांची किल्ली आणून दिली. ऑफिसातल्या त्या माणसाचं नाव विचारलं, त्याने माझंही विचारलं. घानाचा आहे, त्याची मुलगी नर्सिंग शिकते आहे.

मुलुंडला आईने कापलेले पैसे परत दिले आणि महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या कबूल केल्या. "तू पंधरा दिवस येणार, नियम लावून जाणार, बाकीच्या चार घरांना तोंड मी द्यायचं," असंही सुनावलं. त्यात तथ्य आहे. लांब राहून न्याय करणं स्वस्त पडतं. निघायच्या दिवशी मी सगळ्यांचा चहा एकाच प्रकारच्या कपांत ओतला. मावशींनी तो कप हातात घेतला, पाहिला, आणि चहा आपल्या खिडकीतल्या कपात ओतून घेतला. म्हणाल्या, "मला ह्याचीच सवय आहे, दादा." त्यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाले विचारतात, सोनं किती आणलंत? सवयी कुठल्या आणल्यात आणि कुठल्या तिकडेच ठेवून आलात, हे कुणी विचारत नाही. आमच्या घरी ते आता मुलगा विचारतो. पुढच्या खेपेला वडापावचा कागद खिशात ठेवायचं मी त्याला कबूल केलं आहे. रिक्षावाला बघत असो वा नसो.