चौथा खंड

केंब्रिजच्या जॉर्ज बॅचलर यांनी जी. आय. टेलर यांचे शोधनिबंध चार खंडांत संपादित केले. पहिला 1958 साली निघाला, चौथा 1971 साली. पहिल्यात घन पदार्थ, दुसऱ्यात हवामान, समुद्र आणि खळाळते प्रवाह, तिसऱ्यात विमानं, तोफगोळे आणि स्फोट. चौथ्यापाशी येईतो बॅचलर यांच्यासारख्या काटेकोर माणसाचीही वर्गवारी थकली असावी. त्या खंडाच्या नावातच ‘संकीर्ण’ आहे.

शास्त्रज्ञांची यादी करताना नावापुढे विषय लिहायची आपली सवय. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ती पुष्कळांना चालून जाते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स म्हटलं की नळीतलं शांत पाणी अचानक खळाळतं ते कधी, हा प्रश्न. लुडविग प्रांट्ल म्हटलं की पृष्ठभागाला बिलगून सरकणारा पातळ थर. कोल्मोगोरोव्ह म्हटलं की मोठ्या भोवऱ्यांतून लहान भोवऱ्यांत उतरत जाणारी ऊर्जा. टेलर (1886–1975) यांच्यापुढे काय लिहावं? मी तर जागा कोरी सोडीन.

1912 साली टायटॅनिक बुडाली. पुढच्याच वर्षी हिमनगांवर नजर ठेवायला ‘स्कोशिया’ नावाचं जुनं जहाज उत्तर अटलांटिकमध्ये धाडलं गेलं आणि टेलर त्यावर हवामानतज्ज्ञ म्हणून गेले. काम काय, तर पतंग उडवायचे, त्यांना उपकरणं बांधायची आणि वरच्या हवेचं तापमान आणि दमटपणा टिपायचा. न्यूफाउंडलंडजवळच्या गार पाण्यावरून उबदार हवा वाहू लागली की गारवा खालून वर चढत जातो. तो किती वेळात किती उंच पोचला यावरून, हवेतले भोवरे उष्णता कशी वाहून नेतात याचा हिशेब त्यांनी मांडला. 1915 सालचा तो निबंध वातावरणातल्या खळाळाच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. (जाता जाता : टेलर यांच्या आजीचे सख्खे काका म्हणजे आपल्याकडचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, आणि आजोबा म्हणजे तर्काला बीजगणितात बसवणारे जॉर्ज बूल. मोजणं आणि ताडून पाहणं दोन्ही घरचंच.)

मला मात्र टेलर खरे भेटतात ते 1923 सालच्या निबंधात. रेनॉल्ड्स यांनी 1883 साली मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखवली होती. वेग कमी असेतो ती धार सुतासारखी सरळ जाते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की विस्कटते. का विस्कटते? मोठमोठे गणिती या प्रश्नावर चाळीस वर्षं डोकं आपटत होते. नळीतला प्रवाह अस्थिर का व्हावा, हे काही केल्या गणितातून निघेना.

टेलर यांनी नळी बाजूला ठेवली. एकात एक असे दोन उभे दंडगोल घेतले, मधल्या चिंचोळ्या जागेत द्रव भरला आणि आतला दंडगोल फिरवायचं ठरवलं. इथे अस्थिर होण्याचं कारण तरी हाताशी होतं. आतल्या भिंतीजवळचा द्रव जास्त वेगानं फिरतो, म्हणून बाहेर फेकला जाऊ पाहतो. द्रवाचा चिकटपणा त्याला धरून ठेवतो. वेग वाढत गेला की कधीतरी धरणारा हरणार. तो नेमका कोणत्या वेगाला हरेल हे टेलर यांनी आधी कागदावर काढलं, मग यंत्र बनवलं, रंग सोडला आणि दंडगोल हळूहळू फिरवत नेला. गणितानं सांगितलेल्या वेगापाशी येताच एकसंध दिसणारा द्रव सारख्या उंचीच्या कड्यांमध्ये वाटला गेला. काचेच्या बांगड्यांची चळत उभी रचावी तशी कडी एकावर एक, आणि प्रत्येकीतला भोवरा शेजारणीच्या उलट फिरणारा. अशा प्रश्नात सिद्धांत आणि प्रयोग आकड्यांनिशी जुळल्याचं हे पहिलं ठळक उदाहरण.

नळीचं कोडं त्यानं सुटलं नाही. ते अजूनही पुरतं सुटलेलं नाही. कुणी म्हणेल, अवघड प्रश्न टाळून सोपा घेतला. मला तसं वाटत नाही. अवघड प्रश्नाच्या शेजारी उत्तर देऊ शकणारा दुसरा प्रश्न कुठे बसलाय हे दिसायला वेगळीच नजर लागते. आपल्याकडे चिकाटीचं कौतुक फार होतं. जागा बदलून बसण्याचं तितकंसं होत नाही.

ही नजर सुटीवरही सुटत नसे. शिडाची होडी हाकणं हा त्यांचा आवडता छंद, आणि होडीवरचा जड लोखंडी नांगर ही कटकट. 1933 साली त्यांनी शेतातल्या नांगराच्या फाळासारखा फाळ असलेला नांगर तयार केला. ओढला की तो तळाच्या मातीत रुततच जातो, त्यामुळे कमी वजनात काम भागतं. त्यानंतरच्या वर्षी धातू इतक्या सहज का वाकतात यावर त्यांचा निबंध आला. यादी करणाऱ्यानं हात टेकावेत ते इथे!

अणुबाँबची गोष्ट सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात. स्फोटाची लाट कशी पसरेल याचं सूत्र त्यांनी युद्धकाळातच बांधलं होतं. 1945 च्या पहिल्या चाचणीची छायाचित्रं पुढे प्रसिद्ध झाली. त्यांतला वाढता गोळा आणि प्रत्येक छायाचित्राची वेळ, एवढ्यावरून त्यांनी स्फोटाची शक्ती सुमारे 17 किलोटन टीएनटीइतकी काढली, आणि 1950 साली ती छापली. हुशारी वादातीत आहे. तरी तो निबंध माझ्या आवडीचा नाही.

त्याहून मला वयाच्या ऐंशीच्या घरातले टेलर आवडतात. त्यांनी एका शैक्षणिक चित्रपटात तसेच दोन दंडगोल घेऊन मधल्या दाट ग्लिसरीनमध्ये रंगाचा ठिपका सोडला. दांडा काही फेरे फिरवला, ठिपका फासला जाऊन नाहीसा झाला. मग तेवढेच फेरे उलटे फिरवले आणि ठिपका होता तिथे परत आला. प्रवाह इतका संथ आणि चिकट असला की त्याला गेल्या क्षणाची ओढ उरत नाही. अशा जगात नुसती शेपटी मागेपुढे हलवून सूक्ष्मजीव पुढे कसा सरकणार, या कोड्यावर त्यांनी 1951 सालीच निबंध लिहिला होता.

हे सगळं जमलं त्याला एक रोकडं कारणही होतं. 1923 पासून रॉयल सोसायटीच्या संशोधन-प्राध्यापकपदामुळे त्यांना शिकवण्याचं बंधन नव्हतं. मोठा चमूही त्यांनी कधी जमवला नाही. इतकी मोकळीक किती जणांच्या वाट्याला येते? आणि आली तरी तिचं काय करायचं हे किती जणांना उमगतं? 1945 साली बॅचलर ऑस्ट्रेलियाहून त्यांच्याकडे खळाळाचा अभ्यास करायला आले, तेव्हा टेलर यांचं मन त्या विषयावरून बरंचसं उठलेलं होतं. बॅचलर यांनी मग तो स्वतःच पुढे नेला.

सोडलेल्या विषयांकडे टेलर कधी कधी परतही येत. 1925 साली त्यांनी सी. टी. आर. विल्सन यांच्याबरोबर विद्युतक्षेत्रात साबणाचे फुगे कसे फुटतात ते पाहिलं होतं. 1964 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते पुन्हा तिथे आले आणि विजेच्या ताणाखाली थेंबाचं टोक ज्या शंकूत ओढलं जातं त्याचा कोन त्यांनी काढून दिला. आज प्रथिनांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रांमध्ये द्रवाचा सूक्ष्म फवारा त्याच शंकूतून उडवला जातो.