शिक्षकाची श्रद्धा आणि वर्गातील तटस्थता

अनेक धर्मांची मुले एकाच वर्गात बसतात तेव्हा शिक्षकाने स्वतःच्या श्रद्धेचे काय करायचे, हा प्रश्न ‘शिक्षकाने तटस्थ राहावे’ एवढ्या सल्ल्याने सुटत नाही. तटस्थ राहायचे म्हणजे श्रद्धेची खूणसुद्धा अंगावर दिसू द्यायची नाही, की श्रद्धा बाळगूनही तिच्याबद्दल वर्गात अवाक्षर काढायचे नाही, की ती मोकळेपणाने सांगून इतरांच्या श्रद्धांशी न्यायाने वागायचे? हे तीन वेगळे मार्ग आहेत आणि तिन्ही प्रत्यक्षात आजमावले गेले आहेत.

फ्रान्सने 1882 साली सरकारी प्राथमिक शाळांतून धर्मशिक्षण काढले आणि त्या जागी नीती व नागरिकशिक्षण आणले. पुढच्याच वर्षी शिक्षणमंत्री झ्यूल फेरी यांनी शिक्षकांना पत्र लिहून नीतिपाठासाठी एक कसोटी दिली. तुमचे बोलणे ऐकणाऱ्या एका जरी बापाला प्रामाणिकपणे हरकत घ्यावीशी वाटली, तरी ते बोलू नका, असा तिचा आशय होता. कसोटी विनयशील आहे, पण सगळ्या बापांची नीती मुळात सारखीच असते हे तिने गृहीत धरले आहे. ज्या वर्गात पालकांची अर्धी मते एकमेकांना छेद देतात, तिथे ती काटेकोरपणे पाळणाऱ्या शिक्षकाला गप्पच बसावे लागेल.

कॅनडातील क्वेबेक प्रांताचा अनुभव याहून बोलका आहे. तिथे शाळांत कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट धर्मशिक्षण, नाहीतर नीतिशिक्षण, यांतून निवड करायची पद्धत होती. 2008 मध्ये ती बंद होऊन ‘नीतिशास्त्र आणि धार्मिक संस्कृती’ हा एकच विषय सरकारी आणि खासगी शाळांत सक्तीचा झाला. शिक्षकाने सगळ्या धर्मांची ओळख करून द्यायची, पण स्वतःचे मत सांगायचे नाही, अशी अट होती. काही कॅथलिक पालकांनी मुलांना या विषयातून सूट मागितली. सगळे धर्म एकाच पातळीवर मांडले की आपला धर्म खरा आहे हे मुलांना पटवणे अवघड होते, अशी त्यांची तक्रार होती. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूट नाकारली, मात्र तात्त्विकदृष्ट्या पूर्ण तटस्थता अस्तित्वातच नसते हेही निकालात मान्य केले. 2015 मध्ये माँट्रियलच्या एका कॅथलिक शाळेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तिसरा मार्ग मोकळा केला: कॅथलिक धर्म शाळेने स्वतःच्या दृष्टीने शिकवावा, इतर धर्म मात्र निःपक्षपातीपणे. प्रांताचे राजकारण यानंतर उलट्या दिशेने गेले. 2019 च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या शिक्षकांना धार्मिक चिन्हे वापरण्यास बंदी केली; आधीपासून नोकरीत असलेल्यांना त्याच जागेपुरती सवलत मिळाली. डिसेंबर 2021 मध्ये चेल्सी गावातल्या तिसरीच्या एका शिक्षिकेला हिजाबमुळे वर्गावरून काढले आणि दुसरे काम दिले. ते काम होते मुलांना विविधतेची आणि समावेशनाची ओळख करून देण्याच्या प्रकल्पाचे! तिने वर्गात धर्माचा प्रचार केला असा आरोप कुणी केलाच नव्हता. कायद्याने तपासला तो पोशाख. शिकवण्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

त्या कॅथलिक पालकांचा आक्षेप मात्र कोर्टाने फेटाळला म्हणून संपत नाही. ‘सगळेच धर्म सारखे खरे’ असे शिक्षक म्हणाला, तर ते तटस्थ विधान राहत नाही. ती एक तात्त्विक भूमिका होते आणि अनेक श्रद्धावंतांना ती अमान्य असते. जैन दर्शनातला अनेकान्तवाद इथे थोडा उपयोगी पडतो. प्रत्येक विधान एका विशिष्ट नयातून, म्हणजे दृष्टिकोनातून, केलेले असते आणि तेवढ्यापुरतेच खरे असते, असे तो सांगतो. सगळी विधाने सारखीच खरी असे म्हणत नाही. अर्थात अनेकान्तवाद हेही एक दर्शनच आहे, त्यामुळे शिक्षकाला त्याच्याआडही लपता येत नाही. त्याच्या हाती उरते ती बोलण्याची शिस्त: ‘असे आहे’ आणि ‘असे अमुक लोक मानतात’ यांतला फरक प्रत्येक वाक्यात सांभाळणे.

भारतात संविधानाच्या कलम 28 ने पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण निषिद्ध केले आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही मुलाला धार्मिक उपासनेत सहभागी करायचे तर पालकाची संमती लागते. त्याआधीच वर्धा शिक्षण योजनेतून गांधीजींनी धर्म हा विषय वगळला होता, कारण चालू रीतीने शिकवलेले धर्म ऐक्यापेक्षा भांडणेच वाढवतील अशी त्यांना भीती होती. पुढे कोठारी आयोगाने धर्मशिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण असा भेद केला. 1985 मध्ये केरळात ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण गात नसत. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. वर्गशिक्षकाने सकाळी ओळीत उभ्या असलेल्या मुलाचे मिटलेले ओठ पाहून त्याच क्षणी काय करायचे, हे मात्र कोणताही निकाल आधी येऊन सांगत नाही.

शिक्षक-प्रशिक्षणाचा भर याच जागी हवा, पण तो असतो सणांवर. परिपाठात ईद आणि नाताळचा दिनविशेष वाचला, तक्ते लावले की विविधता झाली, असे मानण्याची सवय आहे. छात्राध्यापकाच्या पाठ टाचणात उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन सगळे असते. ‘बाई, मेल्यावर माणूस कुठे जातो?’ या प्रश्नाला त्यात रकाना नसतो. ‘तुमच्या घरी काय सांगतात?’ असे विचारणे हे सोपे उत्तर वाटते, पण वर्गात एकच मुस्लिम मुलगी असेल तर त्या एका वाक्याने ती अख्ख्या समाजाची प्रतिनिधी होऊन बसते. जे तिने मागितले नव्हते, ते तिच्या पदरी पडते. त्याऐवजी दोन-तीन परंपरांची उत्तरे शिक्षकानेच सांगावीत आणि ज्यांना बोलायचे आहे त्यांना बोलू द्यावे. सराव पाठात मार्गदर्शकाने असे प्रश्न मुद्दाम घुसवावेत आणि त्यांना दिलेल्या उत्तरांवर नंतर गटात चर्चा व्हावी. कुठल्या वाक्यात शिक्षकाची श्रद्धा ‘असे आहे’ बनून सटकली, हे त्या चर्चेत ऐकणाऱ्यांना चटकन दिसते; बोलणाऱ्याला बहुतेक वेळा दिसत नाही.