टोपली आणि पाहुणा

गेल्या हिवाळ्यांत आमच्या आप्तांपैकीं एक जोडपें थायलंडची सफर करून परत आलें. येतांना त्यांनीं आमच्यासाठीं बांबूची एक लहानशी, झांकणाची टोपली आणली. तिची वीण इतकी बारीक कीं, प्रथमदर्शनीं ती जाड कापडाचीच वाटावी. आंत रेशमी अस्तर, कडेला वेताची गुंफण. घरांतील सर्वांनीं ती हातांत घेऊन वाखाणली. शेवटीं ती आमच्या वृद्ध आत्याबाईंच्या हातीं गेली. त्यांनीं ती उलटसुलट करून पाहिली, वीण बोटांनीं चांचपली आणि विचारलें, "सुरेख आहे हो, पण हिच्यांत ठेवायचें काय?" ह्या प्रश्नाला कोणापाशींच उत्तर नव्हतें. टोपली कांचेच्या कपाटांत गेली. प्रश्न मात्र आमच्या मनांत राहिला. आणि त्याच्या पोटांत एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे असें वाटूं लागल्यावरून त्याचा थोडा ऊहापोह वाचकांपुढें करण्याचें योजिलें आहे.

ही टोपली ज्या गांवची, त्याचें नांव बांग चाओ चा. बँकॉकच्या उत्तरेस सुमारें शंभर किलोमीटरांवर आंग थोंग नांवाचा एक लहान प्रांत आहे. ह्या नांवाचा अर्थ 'सोन्याचें कुंड', आणि चाओ फ्राया नदीच्या सुपीक भातखोऱ्यांत वसलेल्या प्रांताला तें शोभतेंही. त्यांतील फो थोंग तालुक्यांत हें गांव आहे. १७६७ सालीं अयुथ्या राजधानी पडण्यापूर्वीं बांग राचानच्या गांवकऱ्यांनीं ब्रह्मी सैन्याला जो प्रसिद्ध सामना दिला त्यांत येथील लोकही होते, अशी गांवची आख्यायिका आहे. परंतु गांवची खरी ओळख लढाईची नसून बांबूची. घरांभोंवतीं बांबूचीं बेटें, आणि भाताचें काम उरकलें कीं सर्वांच्या हातांत सुरी व कामट्या, असा त्याचा परिपाठ. पूर्वीं मध्य थायलंडांत जें विणलें जाई तें शेताला आणि पाण्याला लागणारें सामान असे: मासे धरण्याचे सापळे, धरलेले मासे ठेवण्याच्या अरुंद तोंडाच्या करंड्या, धान्याच्या टोपल्या, पाखडण्याचीं वाटोळीं सुपें. पुढें प्लास्टिकचीं घमेलीं व बादल्या आल्या आणि ह्या वस्तूंचें प्रयोजन ओसरत गेलें. तेव्हां गांवानें आपली वीण बारीक केली, आकार बदलले, आणि शहरांतील स्त्रियांनीं हातांत मिरवाव्या अशा पेट्या-पिशव्या घडविण्यास आरंभ केला.

ह्या वळणाला सबंध देशांत राजाश्रयही लाभला. राणी सिरिकित ह्यांच्या पुढाकारानें १९७६ सालीं ग्रामीण हस्तव्यवसायांसाठीं एक प्रतिष्ठान निघालें. २००१ सालीं 'एक तांबोन, एक उत्पादन' ही सरकारी योजना सुरू झाली. तांबोन म्हणजे कांहीं गांवांचा एक गट. योजनेचें मूळ जपानांतील ओइता प्रांतांत १९७९ सालीं निघालेल्या 'एक खेडें, एक उत्पादन' ह्या चळवळींत होतें. आतां गांवांत केवळ टोपल्या विकत मिळतात असें नाहीं, तर टोपल्या विणणारें गांव हेंच पाहण्याचें स्थळ झालें आहे. पाहुणे येतात, गांवकऱ्यांच्या घरीं उतरतात, विणणाऱ्यांच्या भोंवतीं बसतात, छायाचित्रें घेतात, खरेदी करतात आणि जातात.

येथेंच प्रश्न उपस्थित होतो. जें काम पाहिलें जावें म्हणून केलें जातें, तें काम राहतें काय? कीं तें नाटकांतल्या जेवणासारखें होतें, ज्यांत पात्रें घांस घेतात पण कोणाचें पोट भरत नाहीं?

आक्षेपकाची बाजू दुबळी नाहीं. तो म्हणेल: उपयोगाच्या वस्तूचा न्यायाधीश तिचा उपयोगच होय. सापळा चांगला कीं वाईट, हें मासे ठरवितात. त्यांच्यापुढें वशिला चालत नाहीं. थायलंडच्या ईशान्य भागांत चिकट भात ठेवण्याचा 'क्रातिप' नांवाचा झांकणाचा डबा विणतात. त्याला आंत-बाहेर दोन पदर असतात, म्हणून वाफ बाहेर पडते, भात ओलाचिंब होत नाहीं आणि सुकतही नाहीं. ही शहाणीव कोणा एकाला सुचलेली नसून पिढ्यान्‌पिढ्या जेवणाऱ्यांनीं केलेल्या तक्रारींतून ती आलेली असली पाहिजे. ज्या शेजारणीला टोपली विकली ती पुढच्या हंगामांत तुटलेली कड दाखवायला परत येते, ह्या धाकांतच कारागिराचें शील घडतें. पाहुणा मात्र परत येत नाहीं. त्याला टोपली पांच वर्षें टिकली काय आणि पांच महिने टिकली काय, त्याची तक्रार गांवापर्यंत पोंचतच नाहीं. मग काम हळूहळू डोळ्यांपुरतें उरतें. आणि डोळा हा सर्व इंद्रियांत लवकर फसणारा आहे.

ह्या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे. तथापि तो करणाऱ्यानें प्रथम स्वतःच्या स्वयंपाकघरांत एकवार डोकावून पाहावें. तेथें प्लास्टिकचे डबे आहेत, पोलादाचीं भांडीं आहेत. प्लास्टिकची बादली कोणी थाई शेतकऱ्यावर लादली नाहीं. ती हलकी, स्वस्त आणि पाण्यानें न कुजणारी म्हणून त्यानें आपखुषीनें घेतली, जशी आम्हीं घेतली. आम्हीं आमची सोय पाहावी आणि त्यानें मात्र आमच्या मनांतील 'अस्सल' खेड्याचें चित्र बिघडूं नये म्हणून बांबूच्याच करंडींत मासे न्यावे, ही अपेक्षा रसिकतेच्या वेषांतील स्वार्थ होय. दुसऱ्याच्या गैरसोयीवर पोसलेलें सौंदर्यप्रेम आम्हांला तरी पवित्र वाटत नाहीं.

शिवाय, उपयोगाचें सौंदर्य जपूं पाहणारे जे थोर लोक झाले त्यांनाही हा पेंच सुटला नाहीं. जपानी विचारवंत यानागी सोएत्सु ह्यांनीं सामान्य माणसानें सामान्य वापरासाठीं केलेल्या वस्तूंतच खरें सौंदर्य असतें, असें आयुष्यभर प्रतिपादिलें. त्या वस्तूंसाठीं 'मिंगेइ' हा शब्द त्यांनीं व त्यांच्या स्नेह्यांनीं १९२५ सालीं रूढ केला. परंतु त्या वस्तूंचें रक्षण करण्यासाठीं १९३६ सालीं त्यांना तोक्योमध्यें काय उभारावें लागलें? एक संग्रहालय! वापरांत शोभणाऱ्या वस्तू वापरांतून काढल्यावांचून त्यांना वांचवितां आल्या नाहींत. ह्यांत यानागींचा दोष नाहीं. काळ असा होता. पण आमच्या कांचेच्या कपाटाला एवढे मोठे पूर्वज आहेत हें पाहून आम्हांला समाधान वाटावें कीं खेद, हें ठरवितां येईना.

मग भेद करावयाचा तो कोठें? आमच्या मतें 'वापरासाठीं' आणि 'विक्रीसाठीं' असा तो नाहीं; टोपल्या बाजारांत विकणें हें कांहीं आजचें पाप नव्हे. भेद असा कीं, कामावर सत्ता कोणाची? करणाऱ्याची कीं पाहणाऱ्याची? ह्या बाबतींत थाई भाषा स्वतःच एक सुंदर खूण करून ठेवते. टोपलीकामाला त्या भाषेंत 'चाकसान' म्हणतात. 'चाक' म्हणजे बांबू चिरून त्याच्या पट्ट्या काढणें, आणि 'सान' म्हणजे विणणें. हे दोन शब्द जोडून व्यवसायाचें नांव झालें, आणि त्यांत चिरण्याला पहिलें स्थान मिळालें. योग्य वयाचा बांबू निवडणें (कोंवळा आकसतो, जून झालेला मोडतो), त्याचे पेर साफ करणें, तो उभा चिरणें, आंतला मऊ गर काढून टाकणें, आणि मग प्रत्येक पट्टी सारख्या जाडीची होईपर्यंत तासणें, ह्या कामांतच वीण चांगली होणार कीं वाईट हें बहुतांशीं ठरून जातें. परंतु पाहुण्याला पाहण्यासारखें वाटतें तें विणणें. बोटें भराभर चालतात, नक्षी उमटते, छायाचित्र चांगलें येतें. चिरण्यांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं: धूळ, कुसळें आणि कंटाळा.

म्हणून आमची कसोटी ही. ज्या गांवांत 'चाक' अजून जिवंत आहे, म्हणजे पाहुण्याला न दिसणारें काम पूर्वीच्याच निष्ठेनें चाललें आहे, त्या गांवानें पाहुण्याला अंगणांत बसूं दिलें तरी तें भ्रष्ट झालें नाहीं. ज्या गांवांत पट्ट्या बाहेरून तयार येतील, आणि एकच अर्धी टोपली रोज पाहुण्यांपुढें विणून रोज रात्रीं उसवली जाईल, तेथें कलेचें प्रेत सजवून ठेवलें आहे असें समजावें. वस्तू कोणाला विकली हा प्रश्न दुय्यम. कोणी पाहत नसतांना हात कसे चालतात, हा प्रश्न मुख्य होय. सर्व नीतीची कसोटी हीच नाहीं काय?

पाहुण्यावर सर्वस्वीं विसंबण्यांत दुसरेंही एक संकट आहे, आणि तें नुकतेंच सर्व जगानें पाहिलें. २०१९ सालीं थायलंडांत जवळजवळ चार कोटी परदेशी प्रवासी आले होते; साथीच्या काळांत, २०२१ सालीं, ही संख्या पांच लाखांच्याही आंत आली. ज्याचें पोट केवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यावर चालतें, त्याचें पोट तो डोळा मिटतांच रिकामें होतें. शेतकरी भाताच्या हंगामानंतर टोपल्या विणी तेव्हां भात हा त्याचा आधार होता आणि टोपली ही जोड होती. पाहुणाही जोड म्हणूनच यावा, आधार म्हणून येऊं नये, ह्यांत गांवाचें हित आहे. तो न आला तरी गांव गांवच राहिलें पाहिजे.

आतां पाहुण्याचें कर्तव्य. दुसऱ्याला काम करतांना पाहणें हें मुळांतच अनुचित आहे असें आम्ही म्हणत नाहीं. लहान मूल सुताराच्या दारांत तासन्‌तास उभें राहतें तें अनुचित नव्हे. पण मूल पाहतें तें शिकण्याच्या ओढीनें, आणि सुतार त्याला मधून मधून "बाजूला हो" असें दटावूं शकतो. पाहुण्याला दटावण्याची सोय नसते, कारण त्यानें पैसे दिलेले असतात. म्हणून ती मर्यादा त्यानें स्वतःच पाळली पाहिजे. आमचे आप्त सांगत होते कीं, तेथें त्यांच्याही हातांत पट्ट्या देण्यांत आल्या, आणि अर्ध्या तासांत चार ओळीही सरळ विणून झाल्या नाहींत. शेजारची म्हातारी हंसली आणि तिनें तें सर्व उसवून टाकलें. आम्हांला वाटतें, सबंध सफरींत त्यांनीं ह्याहून मोलाचें कांहीं मिळविलें नसेल. आपला हात हरल्याशिवाय दुसऱ्याच्या हाताची थोरवी कळत नाहीं. त्यानंतर त्यांनीं किंमतींत घासाघीस केली नाहीं, हें त्यांनीं मुद्दाम सांगितलें नाहीं. आम्हीं विचारलें तेव्हां कळलें.

आणि येथें एक गोष्ट आमच्या स्वतःविषयीं कबूल करणें भाग आहे. थायलंडांत टोपली विणणें हें शेतकऱ्याचें फावल्या वेळचें काम. त्यानें माणूस हलका ठरत नाहीं. आमच्याकडे तें एका जातीच्या माथीं मारलें गेलें, आणि बुरुडाच्या हाताचें सूप लग्नकार्याला आणि रोवळी तांदूळ धुवायला चालली तरी बुरूड ओट्यापर्यंतच आला. बाजाराच्या कडेला बसून तो विणीत असतो, आणि आम्ही त्याच्या कामट्यांना पाय लागूं नये म्हणून वळसा घेतों. त्याच्या बोटांकडे थांबून पाहिल्याचें मात्र आम्हांला आठवत नाहीं. परक्या देशांतील कारागिराला आमच्या पाहण्यानें अपाय होईल काय, ह्याची चिंता वाहणाऱ्या आम्हीं, आमच्या न पाहण्यानें जवळच्या कारागिराला झालेला अपाय कधीं मोजला आहे काय? अति पाहण्यानें माणसाचें चित्र होतें हें खरें. पण मुळींच न पाहण्यानें तो माणूसही उरत नाहीं.

तेव्हां बांग चाओ चा गांवाला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. जगण्याचा एक मार्ग बंद होतांना पाहून त्यानें दुसरा काढला, आणि हातांतील विद्या टाकून दिली नाहीं. उरलेलें निम्में काम घेणाऱ्याचें आहे. टोपलीचें प्रयोजन विणणाऱ्यानें अर्धें ठेवलेलें असतें. अर्धें ती ज्याच्या घरीं जाते त्यानें पुरें करावयाचें असतें.

हा लेख लिहून होत आला असतां कांहीं कामासाठीं आम्हीं तें कांचेचें कपाट उघडलें, तों टोपली जागेवर नव्हती. शोध केला तेव्हां ती देवघरांत सांपडली. आत्याबाईंनीं कोणाला न विचारतां ती नेली होती, आणि कापसाच्या वळलेल्या वाती तिच्यांत ठेवल्या होत्या. आम्हीं कांहीं म्हणण्यापूर्वीं त्याच म्हणाल्या, "ह्यांत बऱ्या राहतात. दमट होत नाहींत."