वहीतला शेरा

माणसानं माणसाला किती दिवस लक्षात ठेवावं, याचा काहीतरी नियम असावा असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. आमच्या बँकेत तो आहे. कमी जोखमीच्या ग्राहकाची ओळख आम्ही दर 10 वर्षांनी विसरतो. म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्याचे कागद पुन्हा तपासतो. परवा एक पेन्शनर आजोबा खिडकीशी आले. वीस वर्षं दर महिन्याला मला दिसतात. माझ्या मुलाच्या बारशाला जेवून गेलेत. मी म्हटलं, "आजोबा, ओळखीचा पुरावा लागेल."

"म्हणजे तू मला ओळखत नाहीस?"

"मी ओळखतो हो. बँक ओळखत नाही."

"मग तू इथं कोण म्हणून बसलायस?"

या प्रश्नाचं उत्तर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हतं.

दुसरं टोक म्हणजे माझा मोबाईल. त्यावर एकदा, फक्त एकदाच, रेनकोटाची किंमत पाहिली. झालं! महिनाभर रेनकोट माझ्या मागे लागले. 1994 साली एका अमेरिकन इंजिनिअरानं ही युक्ती काढली म्हणतात. गिऱ्हाईक दुकानातून गेलं तरी परत आल्यावर दुकानानं त्याला ओळखावं, त्याच्या टोपलीत काय होतं ते आठवावं. नाव ठेवलं कुकी. वास्तविक आपल्याकडे हे काम नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये पिढ्यान् पिढ्या करत आलेत. तुम्ही गाव आणि आडनाव सांगायचा अवकाश, ते लांबलचक चोपडी उघडून तुमचा पणजोबा कधी आला होता ते वाचून दाखवतात. फरक एवढाच, की पणजोबांनी तिथं स्वतःच्या हातानं लिहिलेलं असतं. आपण काय मागे ठेवून आलो, हे त्यांना पक्कं माहीत असायचं.

मला माहीत नव्हतं. म्हणून हा लेख.

यंदा पावसाळ्यात आम्ही गगनबावड्याला गेलो. कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटर. तिथून रस्ता करूळ घाटानं वैभववाडीला उतरतो, नाहीतर भुईबावडा घाटानं खारेपाटणकडे. पण उतरणार कशाला? सगळं पाहण्यासारखं वरच आहे आणि तेही धुक्यामुळे दिसत नाही. इथे पाऊस पडत नाही, मुक्कामालाच असतो. उतरलो त्या जागेचं नाव मुद्दाम देत नाही. 2007 साली, लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, आम्ही दोघं तिथंच राहिलो होतो.

दारात मामा उभे होते. तेव्हाही तेच होते; पाणी तापवणं, स्वयंपाक, अंथरुणं, सगळं तेच बघायचे. आता केस पिकलेत. त्यांनी आमच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आलासा? बसा. सायबांस्नी बिनसाखरेचा न्हवं?"

अठरा वर्षांनी! घरी आमच्या हिला अजून रोज सांगावं लागतं. मी भारावून गेलो. मुलाला म्हटलं, "बघ, याला म्हणतात माणूस."

मामा गप्पा मारत बसले. बोलता बोलता सहज म्हणाले, "त्याच साली एका पावण्यानं वहीत कायतरी वंगाळ लिवलं माज्यावर. मालकांनी वाचलं. दिवाळीचा बोनस कापला. मग धाकटीचं लगीन फुडं ढकललं एक साल. कोन त्यो कळलं न्हाई. मला वाचता कुटं येतंय! लिवलं म्हंजे खरंच आसल कायतरी, आसं आमची मंडळी म्हनली."

बिनसाखरेचा चहा एवढा कडू असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या रात्री काय झालं होतं, ते मला स्वच्छ आठवत होतं. वीज गेलेली. मी गरम पाणी मागितलं. मामा म्हणाले, "लाकडं भिजल्यात, सकाळी देतो." बस्स, एवढंच. पण शेजारी नवी बायको उभी होती आणि नवऱ्याचा शब्द कुठंतरी चालतो, हे तिला त्याच आठवड्यात कळणं आवश्यक होतं.

रात्री सगळे झोपल्यावर मी टॉर्च घेऊन टेबलाशी गेलो. वही तीच, पुठ्ठ्याची. इतक्या पावसात येतंय कोण, म्हणून अजून भरली नव्हती. माझा शेरा सापडला. अक्षर सुरेख. "चहा कोमट. अंथरूण ओलसर. नोकर उर्मट." खाली सही, हुद्द्यासकट.

त्याखाली जे होतं ते मी पहिल्यांदाच वाचलं. एकानं लिहिलं होतं, "वरील गृहस्थांशी शंभर टक्के सहमत." हा गृहस्थ भर मे महिन्यात येऊन गेला होता! दुसऱ्यानं, "अशा नोकरांना घरी बसवा." तिसऱ्यानं पावसावर कविता केली होती. चौथ्यानं कवितेतल्या चुका काढल्या होत्या. पाचव्यानं चौथ्याची जात विचारली होती. 'निसर्ग सुंदर' असं लिहून गप्प गेलेला एकच माणूस निघाला. गगनबावडा ही अमात्यांची जहागीर. राज्य कसं चालवावं, हे त्यांच्या रामचंद्रपंतांनी 'आज्ञापत्रा'त लिहून ठेवलं. अभिप्राय वहीत कसं वागावं, हे तेवढं राहिलं.

पान फाडावं? हात वहीवर गेलाही. 2014 साली युरोपच्या न्यायालयानं एका स्पॅनिश गृहस्थाच्या बाजूनं निकाल दिला होता. त्याच्या मालमत्तेच्या लिलावाची 1998 मधली नोटीस, त्याचं नाव शोधलं की संगणकावर पुढे येई. न्यायालय म्हणालं, शोधात ती दाखवू नका. वर्तमानपत्रातली नोटीस मात्र तशीच राहिली आणि खटल्यामुळे ती जगभर झाली. आपल्याकडेही 2023 च्या कायद्यानं आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिलाय. पण तो संगणकातल्या माहितीसाठी. पुठ्ठ्याच्या वहीला लागू नाही. शिवाय पुसायची मागणी कोणी करायची? लिहिणाऱ्यानं, की ज्याच्यावर लिहिलं त्यानं?

शेवटी माझ्यातला कारकून जागा झाला. लेजरात खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद तशीच ठेवायची, तिची उलट नोंद करायची आणि खाली सही ठोकायची. मी पेन काढलं. तीन वाक्यं उलटवायला मला दीड पान आणि पहाटेचे दोन वाजले. भिजलेली लाकडं लिहिली, नवी बायको लिहिली, बोनसही लिहिला. तारीख घातली, सही केली, हुद्दा गाळला.

सकाळी मामा वही घेऊनच चहाला आले. "सायेब रातभर लिवत हुतं. बाळा, वाच की जरा, आमच्याबद्दल काय लिवलंय त्ये."

मुलानं पान उघडलं. दोन्हीकडे तीच सही. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, कुठून वाचू? इथून, की मागचं आधी?"

आमची ही खिडकीतून धुकं बघत होती, तिनंही मान वळवली. मामा पुढ्यात उकिडवे बसले होते.

मी म्हटलं, "मागचं आधी वाच."